कुंकवाचा पुठ्ठा

३ जानेवारी १९७४, गुरुवार

फोटोच्या कागदाचा एजंट मारोतरावांना दोन डायऱ्या देऊन गेला. चांगली त्यांनी ठेवली, शाई पसरते ती मला दिली. असू दे. शाळेत गुरुजी म्हणायचे, बोला कसंही, पण लिहा शुद्ध. पाहू किती दिवस जमते.

मारोतराव म्हणजे गांधीबागेतल्या आमच्या स्टुडिओचे मालक. मी त्यांच्याकडे अकरा वर्षांपासून रिटचर. लोकांच्या तोंडावरचे मुरूम, देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं, सगळं पेन्सिलीनं अन् ब्रशनं घालवायचं. लोक चंद्रभानचं कौतुक करतात, कारण फोटो तो काढतो. त्या फोटोत माणूस माणसासारखा दिसतो तो माझ्यामुळे, पण हे कोणाला सांगावं?

आज माझ्या हाताशी मोठं काम आलं. हातमाग सोसायटीतल्या बायांना ओळखपत्रं मिळणार आहेत. सहाशे बारा बाया, प्रत्येकीच्या तीन प्रती. चंद्रभानने सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्ची मांडून चार दिवसांत सगळ्यांना टिपलं. रोल धुऊन पाहिले, तर एकीच्याही कपाळावर कुंकू नाही. हे आमचं जुनंच दुखणं. या फिल्मवर लाल रंग पांढुरका येतो, त्यात चंद्रभानचे ते भले मोठे दिवे. कुंकू कातडीत मिसळून जाते, शोधूनही सापडत नाही. एखाददुसरा फोटो असला की मी प्रिंटवर ब्रशने काळा ठिपका देतो. नाही दिला तर बाई दुकानात येऊन उभी, "काहून गा, माहा नवरा मेला काय?"

आता असे अठराशे छत्तीस ठिपके. मुदत पंधरा दिवस.

५ जानेवारी, शनिवार

दोन दिवसांत नव्वद प्रती झाल्या. मान आखडली, बोटं वाकडी झाली. ठिपका एकीला गोल, दुसरीला लांबट, तिसरीचा भुवईकडे सरकलेला. मारोतराव मागे येऊन उभे राहिले. "ईश्वरदास, फोटो करून राहिला का रांगोळी काढून राहिला?" ब्रश त्यांच्या नाकावरून फिरवावा असं वाटलं. फिरवला नाही.

घरी येताना बाबांच्या मागाची आठवण झाली. लुगड्याच्या किनारीची नक्षी ते हातानं मोजत बसायचे नाहीत. मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे असायचे. जिथे भोक, तिथे दोरा उचलला जायचा, अन् शंभर लुगड्यांवर नक्षी अगदी तीच.

ईश्वरदास, तू विणकराचा पोरगा आहेस ना?

७ जानेवारी, सोमवार

जमलं! बाप्पा, काय जमलं!

काळा पुठ्ठा घेतला, कासाराकडच्या लोखंडी पंचानं त्यात एक बारीक गोल भोक पाडलं, अन् कागद ठेवायच्या चौकटीला बिजागरी लावून बसवला. आता पुठ्ठा खाली पाडायचा, चौकट सरकवून निगेटिव्हमधून पडणाऱ्या चेहऱ्याचं कपाळ भोकावर आणायचं. पुठ्ठा उचलायचा, नेहमीसारखा उजेड द्यायचा. मग पुठ्ठा पुन्हा पाडून फक्त भोकातून आणखी उजेड, एक दोन तीन चार. कागद रसायनात टाकला की बाई कुंकू घेऊनच वर येते. गोल, काळंभोर, मापात. ब्रश नाही, शाई नाही. तासाला चाळीस प्रती होतात.

मारोतरावांनी पाहिलं अन् तीन वेळा "वा" म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी एक गोष्ट विचारली, तेवढी इथे लिहून ठेवतो. म्हटलं, "मालक, यात कोणी विधवा असली तं?" ते म्हणाले, "यादी पाह्य ना." सोसायटीची यादी समोरच होती. प्रत्येक बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहिलेलं, एकही जागा रिकामी नाही. म्हणजे सगळ्या सवाष्णी. मी कामाला लागलो.

१२ जानेवारी, शनिवार

काम संपलं, मुदतीच्या पाच दिवस आधी. मारोतरावांनी सगळ्यांना पोहे खाऊ घातले. चंद्रभान तोंड वाकडं करून खात होता. जळतो लेकाचा. घरी बायकोला, गोपिकेला, पुठ्ठ्याची सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "हाव, पण जेवा आधी."

२२ जानेवारी, मंगळवार

दुपारी एक बाई आली. तिशीची असेल. कपाळ कोरं, हात रिकामे. तिने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं अन् फोटोवर बोट टेकवलं. "भाऊ, हे कोणं लावलं?"

मी फोटो पाहिला. कपाळावर माझा ठिपका. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

नाव पार्वतीबाई, राहणार तांडापेठ. नवरा जगन्नाथ तीन वर्षांमागे वारला. मी म्हटलं, "पण बाई, यादीत नवऱ्याचं नाव आहे तुमच्या!" ती म्हणाली, "मेला म्हणून नाव बदलते काय?"

खरंच की. माझ्या आईच्या नावापुढे आजही बाबांचंच नाव आहे. हे मला सहाशे बारा वेळा सुचलं नाही.

सासरच्या घरात तिच्याकडे एक खोली अन् एक माग आहे, अन् आठ वर्षांची मुलगी तारा. दीर रुपराव सोसायटीत कार्डं वाटायला होता. त्याने हिचं कार्ड आधी अंगणात चार माणसांना दाखवलं, मग हिच्या अंगावर फेकलं. म्हणाला, "वहिनीनं चोरून पाट लावला. सोसायटीत कुंकू लावून बसली फोटोले." आमच्यात विधवेने पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, की तिने पहिल्या नवऱ्याचं घर सोडायचं. लेकरू मात्र त्याच घरचं, ते तिथेच राहते.

मी हसलो. एवढ्याशा ठिपक्यावरून कोणी घरातून काढते काय! ती हसली नाही. म्हटलं, "बाई, उद्या मीच येतो. दोन मिनिटांचं काम आहे."

२३ जानेवारी, बुधवार

दोन मिनिटांचं काम नव्हतं.

सकाळी पार्वतीबाईंचा बिनकुंकवाचा प्रिंट काढला अन् सायकल हाणत तांडापेठेत गेलो. रुपराव अंगणात दात घासत होता. त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले अन् म्हणाला, "मस्त काढलं गा कुंकू! दिसूनच नाही राहिलं." मी म्हटलं, काढलं नाही, आधी नव्हतंच, मी लावलं होतं. तो म्हणाला, "फोटोवाले, तुमचा धंदाच डाग काढायचा. तुमच्यावर कोण भरोसा ठेवते?"

अकरा वर्षं मेहनत केली ती हे ऐकायला.

२५ जानेवारी, शुक्रवार

निगेटिव्ह घेऊन पुन्हा गेलो. नवा शर्ट घातला, जुना धुवायला होता. गोपिका म्हणाली, "जुना कालच धुतला ना." बायकांना नको तिथे लक्ष.

रुपराव घरी नव्हता. पार्वतीबाईंनी दारातच चटई टाकली, चहा दिला. निगेटिव्ह उजेडात धरून त्यांना कपाळ दाखवलं. डाव्या भुवईवर बारीक वण आहे, लहानपणी मागाचा धोटा लागला म्हणाल्या. मी तो प्रिंटमध्ये घालवला नव्हता, बरंच झालं. चेहऱ्याला शोभून दिसतो. ताराने पाटी आणून दाखवली, पाढे चांगले येतात पोरीला. शेजारच्या बाया ओट्यांवर येऊन उभ्या होत्या. म्हटलं चला, साक्षीदार झाले, सगळ्यांनी पाहिलं मी निगेटिव्ह आणली होती ते.

पार्वतीबाई मधेच म्हणाल्या, "भाऊ, आता तुमी येऊ नका." मला त्रास नको म्हणून म्हणाल्या असतील. म्हटलं, त्रास कसला, चूक माझी आहे.

२६ जानेवारी, शनिवार

घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी तीस-पस्तीस बाया येतात, यंदा नऊ आल्या. गोपिका तिळगुळाचं ताट घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, सुट्टी आहे, थंडीही आहे, कोण निघते घरातून. उरलेले लाडू तिने डब्यात भरले अन् लवकर झोपली.

२९ जानेवारी, मंगळवार

आज सगळ्या निगेटिव्ह काढून बसलो. म्हटलं, आणखी कोणकोण विधवा आहेत ते शोधू, सगळ्यांचे प्रिंट बदलून देऊ, म्हणजे पार्वतीबाईंची गोष्ट आपोआप सिद्ध होईल. सहाशे बारा चेहरे भिंगाखाली पाहिले. काय डोंबल शोधणार? कुंकू एकीचंही दिसत नाही. सवाष्ण अन् विधवा फिल्मवर सारखीच. चंद्रभानने गळ्याच्या वरूनच फोटो घेतलेत, त्यामुळे मंगळसूत्रही नाही. कोणाला कुंकू होतं अन् कोणाला नव्हतं, हे या जगात आता फक्त त्या बायांना माहीत.

मारोतरावांना म्हटलं, तुमच्या सहीचं पत्र द्या, चूक स्टुडिओची म्हणून. ते एकदम उसळले. "वेडा झाला काय? एक पत्र दिलं तं सहाशे बारा बाया दारात येतीन! आन् तू कायले एवढा तिच्यासाठी धावून राहिला?" म्हटलं, चूक माझी आहे. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

चूक माझी आहे म्हणून. दुसरं काय असणार?

३ फेब्रुवारी, रविवार

रुपरावने वहिनीची तक्रार केली, म्हणून समाजाच्या देवळाच्या ओसरीवर पंच बसले. मी आपणहून गेलो, पुठ्ठा अन् निगेटिव्ह पिशवीत घेऊन. पार्वतीबाई खांबाशी ताराला जवळ घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

पंचांत मनोहरराव वडीलधारे. माणूस शांत, ऐकून घेणारा. मी सगळं समजावून सांगितलं. पुठ्ठा दाखवला, भोक दाखवलं. लोक पुठ्ठ्याला डोळा लावून बघायला लागले, हसू लागले. मग पार्वतीबाईंची निगेटिव्ह मनोहररावांच्या हातात दिली. "पाहा, कपाळावर कुंकू नाही."

रुपराव म्हणाला, "आता माह्या बायकोची दाखवा." तीही सोसायटीतलीच. सगळ्यांच्या निगेटिव्ह आणल्या होत्या, त्यात तिचीही होती. दिली. मनोहररावांनी ती उन्हात धरली, मग हिची धरली, मग पुन्हा ती. म्हणाले, "दोघींचंही कपाळ कोरं आहे गा."

म्हटलं, हो, फिल्मवर लाल येतच नाही.

"मंग हिनं त्या दिवशी लावलं होतं का नव्हतं, हे या निगेटिव्हवरून कसं कळन?"

जी वस्तू मी दहा दिवस पुरावा म्हणून छातीशी धरून फिरत होतो, तिच्यात काहीच नव्हतं. कोणी चंद्रभानला विचारा म्हणालं. त्याला मी आधीच विचारलं होतं. सहाशे बारा बायांतून त्याला एकही आठवत नाही. सोबत आलेल्या बायांनी सांगावं, तर त्या सगळ्या रुपरावाच्याच गल्लीतल्या.

मग मनोहरराव म्हणाले, "एक सांगा ईश्वरभाऊ. फोटोतलं कुंकू कोणाले समजणार नाही असं काढता येते काय? देवासमोर बसले आहात."

येते. मी रोज काढतो. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की डाग असा जातो की त्या माणसालाही आठवत नाही. पण तसं म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. समोर ती बाई पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, "नाही. एकदा आलेला काळा डाग जात नाही. खूण राहतेच."

मनोहररावांनी कोरा प्रिंट नखाने खरवडून पाहिला, तिरपा करून पाहिला. खूण नव्हतीच, असणार कशी? ते म्हणाले, "हे बोलणं मले पटते. काढता येत नसन तं आधी नव्हतंच. आठ दिवसांनी पुन्हा बसू, तोवर बाई घरातच राहीन."

चांगल्यासाठी बोललो. देव समजून घेईल. घरी येताना सायकल हलकी वाटली.

५ फेब्रुवारी, मंगळवार

बरं वाटतंय. गोपिकेला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेसुद्धा. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "माह्यासाठी तं तुमी किराणेवाल्यासमोर खोटं नाही बोलत." मी म्हटलं, किराणेवाल्याची गोष्ट वेगळी.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज हात मोकळा होईल असं काम मिळालं. कोणी गिऱ्हाईक मारोतरावांकडे एक जुना फोटो देऊन गेलं. घरासमोर उभी पाच माणसं, काठाला एक बाई. ती बाई काढून टाकायची, अन् मागची भिंत अन् तुळशीचं वृंदावन असं भरायचं की पाहणाऱ्याला शंका येऊ नये. मारोतराव म्हणाले, "घाईचं आहे, शनिवारी पाहिजे. कमाल करून दाखव." काहून काढायची ते आम्ही विचारत नाही. घरोघरी भानगडी असतात.

फोटोवरून नवी निगेटिव्ह घेतली. असं अवघड काम मिळालं की मी जेवण विसरतो. बाईच्या पदराने शेजारच्या माणसाचा अर्धा हात झाकला होता, तो हात मी बोटांसकट नव्याने काढला. त्या सहाशे ठिपक्यांपायी मी कारागीर आहे हेच विसरलो होतो.

९ फेब्रुवारी, शनिवार

काम झालं. भिंगातून पाहिलं तरी बाई सापडत नाही. मारोतराव म्हणाले, नागपुरात असं कोणी करून दाखवावं. मी मागे बारीक अक्षरात माझी सही केली, तारीख घातली. कधी करत नाही, आज केली.

१० फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही, पण लिहितो.

पंच बसले. मनोहररावांनी मला नमस्कार केला, बसायला जागा दिली. रुपराव उठला अन् धोतराच्या सोग्यातून एक पाकीट काढलं. त्यात दोन फोटो होते. घरासमोर सहा माणसं. घरासमोर पाच माणसं.

"हा माह्या सासुरवाडीचा फोटो. काठाची बाई माही मावससासू. हा दुसरा ईश्वरभाऊनं काल करून देला. मागं सही आहे त्याची."

फोटो हातोहात फिरला. लोक कौतुक करत होते! एकजण म्हणाला, हातही काढला गा, बोटं पाहा. रुपराव म्हणाला, "याले टिकलीएवढं कुंकू काढता येत नाही म्हणे. अख्खी बाई काढली यानं!"

मनोहररावांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग खाली ठेवला. माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "देवासमोर खोटं बोललात तुमी?"

मी म्हटलं, हो. पण तेवढंच खोटं आहे, बाकी सगळं खरं आहे. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही.

रुपराव म्हणाला, "दुसऱ्याच्या बाईसाठी माणूस देवासमोर खोटं कायले बोलते? चहा प्यायले घरी कायले येते? मी तं पहिल्यापासून म्हणून राहिलो पाट लावला. कोणाशी, ते आता तुमीच समजा."

तेव्हा मला कळलं. ओट्यावरच्या बाया, हळदीकुंकवाच्या नऊ बाया, पार्वतीबाई येऊ नका म्हणाल्या ते, सगळं एका दमात कळलं. दोनदा सायकल हाणत गेलो होतो मी त्या घरी जायला. नवा शर्ट घालून.

पार्वतीबाई रडल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "याच्यात या भाऊचा दोष नाही. मले याचं नावही इथं पंचांतच माहीत झालं." कोणी ऐकलं नाही. कोर्टाचं कोणी बोललं, तर म्हणाल्या, "कोर्टाचा निकाल लागेस्तोवर माह्या पोरीचं लगन होऊन जाईन."

ठरलं ते असं. बाईने दोन दिवसांत खोली सोडून उमरेडला भावाकडे जावं. माग घरचा, तो घरात राहील. पोरगी बापाच्या घरी. ताराला चुलतीने हात धरून नेलं. ती मागे वळून वळून बघत होती, अन् आई हातानेच तिला "जा, जा" म्हणत होती.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उमरेडच्या गाडीने गेल्या असतील. स्टँडवर जाऊन पाया पडावं असं फार वाटलं. गेलो नाही. गेलो असतो तर कोणीतरी पाहिलं असतं.

काल गोपिका आपणहून बोलली. म्हणाली, "तुमी काही केलं नाही, मले माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तुमचं मन तिकडं होतं, हेही माहीत आहे." मी नाही म्हणायला तोंड उघडलं अन् तसाच बसून राहिलो.

दुपारी राहवलं नाही. निदान कार्ड तरी दुरुस्त करावं, कुठेतरी एका कागदावर तरी ती बाई जशी होती तशी राहावी, म्हणून कोरे तीन प्रिंट घेऊन सोसायटीत गेलो. तिथले कारकून भले गृहस्थ, मला बसायला स्टूल दिलं. रजिस्टर काढलं, पान उघडलं. माझ्या हातातले फोटो घेतले, रजिस्टरमधल्या फोटोशी ताडून पाहिले अन् मला परत केले.

"आता कायले बदलता?" ते म्हणाले. "पंचांचा कागद कालच आला. तिनं पाट लावल्याचं लिहून आहे. म्हणजे आमचा फोटो बरोबरच आहे."